दादाजींचा भुंगा

१

ठाणेदारानं माझ्यापुढे कागद सरकवला आणि सांगितलं, वामनराव, खाली सही करा म्हणजे प्रकरण मिटलं. कागदात असं लिहिलं होतं की दादाजी मेश्राम गिटारच्या पेटीत हात घालताना करंट लागून मेले, आणि ती पेटी त्यांची सून कौसल्या हिनं चुकीची जोडली होती. माझी सही पडली की कौसल्या निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात आत जाणार होती.

मी वामनराव ठवकर, पोस्टाचा रेडिओ-लायसन्स इन्स्पेक्टर. शहात्तर सालच्या नागपुरात माझ्याइतका नावडता माणूस शोधूनही सापडला नसता. मी गल्लीत शिरलो की लोक रेडिओवर गोधडी टाकत आणि मला पाणीसुद्धा विचारत नसत. न विचारोत. मीही काही कोणाशी गोड बोलायला जन्मलो नव्हतो. पण व्हॉल्व्हचं मशीन उघडून त्यातलं कळणारा सरकारी माणूस त्या भागात मी एकटाच, म्हणून ठाणेदाराला माझी सही पाहिजे होती.

दादाजींना मी ओळखत होतो. दोनदा त्यांनी मला दुकानातून हाकललं होतं. इंदोऱ्यातल्या त्या दुकानात ते ऑर्केस्ट्राच्या गिटारसाठी हातानं पेट्या बनवत. पेटी म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. जोडीला ते भुंगा बनवत. भुंगा म्हणजे पायानं दाबायची पत्र्याची डबी. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की फाटतो, घोंगावतो आणि पोट्टे वेडे होतात. दादाजींच्या भुंग्यासाठी जबलपूरहून, रायपूरहून माणसं यायची.

दादाजींना मरताना पाहणारा साक्षीदार एकच होता, रविंद्र कोठे. हा एका ऑर्केस्ट्राचा मालक, शिवाय लग्नाच्या मांडवाला गाद्या, खुर्च्या, कूलर भाड्यानं देणारा बिछायतवाला. त्याचं म्हणणं असं, की बुद्ध जयंतीच्या दुपारी तो भुंगा घ्यायला गेला. संध्याकाळी मैदानात त्याचा कार्यक्रम होता. दादाजींनी भुंगा वाजवून दाखवला, आवाज असा की अंगावर काटा आला. मग पेटी चालू असतानाच त्यांनी आतल्या कंडेन्सरना हात लावला आणि तिथंच चिकटले. रविंद्रनं प्लग ओढला, पण तोवर जीव गेला होता.

ठाणेदाराला मी म्हटलं की पेटी न बघता सही करायला मी काही भैताड नाही. तो चिडला. मी पेटी बघायला गेलो.

दुकान तसंच बंद ठेवलं होतं. मी पेटी उलटी केली. भिंतीकडून येणारी वायर आणि ट्रान्सफॉर्मर ह्यांच्यावर बेकेलाइटचं झाकण स्क्रूनं घट्ट बसवलेलं होतं, ते कोणी हलवलेलं नव्हतं. सोल्डरचे टाके एकसारखे, चकचकीत होते. मी तीन वेळा पाहिलं आणि मला चूक सापडली नाही. मग पेटी सुलटी केली, तर सगळ्यात मोठ्या व्हॉल्व्हची जागा रिकामी होती.

हा व्हॉल्व्ह नसला तर पेटी वाजत नाही, आणि कंडेन्सरपर्यंत करंट पोचत नाही. रविंद्र म्हणत होता की पेटी वाजत होती आणि तिनंच माणूस मारला. इथं तर ती वाजूच शकत नव्हती.

२

मेश्रामांच्या घरी बायजाबाईंनी, म्हणजे दादाजींच्या बायकोनं, मला उंबऱ्यावरच अडवलं. सरकारी माणूस आला की ती बाई आधीच फुरंगटायची, आता तर विचारूच नका. आत यायचं काम नाही, म्हणाली, आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ते बसली पाहा. तिनं खाल्लं माझ्या माणसाले. तिले घेऊन जा, मंग या."

कोपऱ्यात कौसल्या बसली होती. तिला चुलीजवळ जायची बंदी होती. घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. नवरा बांधकामावरून पडून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, माहेरी कोणी उरलं नव्हतं. सासऱ्यानं तिला सोल्डरिंग शिकवलं आणि पुढं पेट्यांची सगळी वायरिंग तिच्याच हातची. बायजाबाईंनी नातलगांपुढे जाहीर केलं होतं की पोलिसांनी नेलं की ही परत ह्या घरात यायची नाही, आणि दुकानाचं सामान विकून टाकायचं. ह्या घरावाचून तिला घर नव्हतं आणि त्या कामावाचून काम नव्हतं. दोन्ही माझ्या एका सहीवर टांगलेलं होतं, आणि ह्याचा मला भयंकर राग आला, कोणाचा ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

मी तिला विचारलं. त्या दिवशी ती सकाळीच इतवारीत तांब्याची तार आणायला गेली होती. परत आली तेव्हा दुकानापुढे गर्दी होती.

"साहेब, माझाच टाका चुकला असन का?" तिनं विचारलं. "मी रोज डोळ्यापुढे पेटी उघडून पाहून राहिली. मले सापडत नाही."

मी खेकसलो की टाका चुकलेला नाही, रडारड नको, मोठा व्हॉल्व्ह कुठं आहे ते सांग. ती दचकली. मग म्हणाली, मामाजी, म्हणजे तिचे सासरे, जेवायच्या आधी पेटी बंद करत, व्हॉल्व्ह थंड झाला की काढून फडक्यात गुंडाळत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवत. दुकान उघडं, येणारा-जाणारा पेटीत बोटं घालतो, म्हणून ही सवय.

दवाखान्यातून आलेलं कपड्यांचं गाठोडं बायजाबाईंनी अजून सोडलंही नव्हतं. मी मागितल्यावर त्यांनी ते माझ्या पायाशी टाकलं. सदऱ्याच्या खिशात फडकं होतं आणि फडक्यात व्हॉल्व्ह, न फुटलेला. करंट लागून माणूस पेटीवर कोसळला असता तर छातीवरच्या खिशातली काच शाबूत राहिली नसती. दादाजी पेटीवर पडलेच नव्हते, त्यांना कोणीतरी तिथं नेऊन ठेवलं होतं.

जेवायच्या वेळेची गोष्ट निघाली तेव्हा कौसल्या सहज म्हणाली की त्या दिवशी डबा आत्याबाईंनीच, म्हणजे सासूनंच, नेला होता. बायजाबाईंनी तिच्याकडे न पाहता मला उत्तर दिलं.

"डबा ठेवला आन् आली. मले तिथं काही दिसलं नाही."

काही दिसलं का, असं मी त्यांना विचारलंच नव्हतं.

३

शालिकराम हा दादाजींचा जुना चेला. आता त्याचं बर्डीच्या बाजारात स्वतःचं दुकान होतं आणि तो ट्रान्झिस्टरची मशीनं विकायचा. दोघांचं हाडवैर. मला पाहताच त्यानं विचारलं, लायसन्स पाहायले आले की फाशी द्यायले? मी म्हटलं, तू कुठं होतास त्या दुपारी? तो काउंटरवर हात आपटून म्हणाला की दुकानात होतो, गिऱ्हाईक होतं, जा विचारा. मी विचारलं, ते खरं निघालं.

मग त्याचा आवाज जरा खाली आला. म्हाताऱ्यानं मले चोर म्हटलं होतं, मी त्याचं तोंड पाहत नव्हतो, पण खांदा द्यायला गेलो होतो, म्हणाला. आंघोळ घालताना त्यानं एक गोष्ट पाहिली होती आणि कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलं नाही.

"जळल्याचा डाग डाव्या तळव्यावर होता. आन् म्हातारा पेटीत डावा हात कधीच घालत नव्हता. डावा हात मागं, कमरेले खोचलेला. आम्हाले छडी मारून शिकवलं त्यानं ते."

हे मला पटलं. एकच हात आत असला तर करंट छातीतून आरपार जात नाही, म्हणून जुने व्हॉल्व्हवाले दुसरा हात पाठीशी ठेवतात. मग डाव्या हातानं त्यांनी कशाला धरलं होतं? दुकानात दुसरं विजेचं यंत्र म्हणावं असं एक सोल्डरिंगचं आयर्न सोडून काही नव्हतं.

राहिला नत्थू. हा रविंद्रच्या ऑर्केस्ट्राचा गिटारवाला, केस वाढवलेला, महिनाभर आंघोळ न केल्यासारखा. त्या सकाळी दुकानात दादाजींशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि 'म्हाताऱ्या, तुले पाहून घेईन' हे शब्द आख्ख्या गल्लीनं ऐकले होते. मी तेच त्याच्या तोंडावर मारलं. तो म्हणाला, म्हटलं, हव, आणि आता त्याचं वाईट वाटते, पण भांडण भुंग्याचं होतं. भुंगा नुसता फसफसत होता आणि दादाजी तो दुपारी जुळवायला तयार नव्हते.

काहून तयार नव्हते, हे मी विचारलं.

नत्थूनं सांगितलं ते असं. भुंग्यात जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर असतात, आणि त्यांना गरमी सोसत नाही. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी भुंगा घोंगावत नाही, थुंकतो आणि गप्प होतो. आतला एक स्क्रू फिरवून तो त्या वेळच्या गरमीला जुळवता येतो, पण मग संध्याकाळी, मोकळ्या हवेत, परत बिनसतो. म्हणून दादाजी भुंगा कार्यक्रमाच्या वेळेइतक्याच गार जागेत जुळवायचे. गार जागा नव्हती, म्हणून भांडण. नत्थू पाय आपटत निघून गेला आणि रविंद्रला जाऊन सांगितलं, कार्यक्रम बोंबलला.

"रविंद्र काय म्हणाला?"

"म्हणे तू जा, मी गार जागेचं पाहतो."

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कौसल्याला दुकानात घेऊन गेलो. बायजाबाई मागून बडबडत होत्या, मी लक्ष दिलं नाही. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं आणि आत पत्र्याखाली आम्ही नुसते भाजून निघत होतो. कौसल्यानं दादाजींच्या खिशातला व्हॉल्व्ह जागेवर बसवला, पेटी लावली, दुकानातली जुनी गिटार तिथंच राहिलेल्या त्या भुंग्याला जोडली. स्क्रूला कोणी हात लावायचा नाही, हे मी बजावलं.

तिनं तार छेडली. भुंगा एकदा थुंकला आणि गप्प झाला.

मग आम्ही ओलं फडकं केलं, त्यात भुंगा गुंडाळला आणि माठाच्या बुडाशी ठेवून वाट पाहिली. फडक्यावर ती हातानं वारा घालत राहिली. पुन्हा तार छेडली तेव्हा त्या पत्र्याच्या डबीतून असा भरदार, लांबलचक आवाज निघाला की मी लायसन्स इन्स्पेक्टर आहे हे क्षणभर विसरलो. गाण्यातलं मला काही कळत नाही, तरी मी तिला तीच तार परत छेडायला लावली. कौसल्या पदरानं डोळे पुसत होती. हा मामाजींच्या हातचा आहे, जुळवून झालेला आहे, एवढंच म्हणाली.

आता तुम्हीच हिशोब करा. सकाळी नत्थू गेला तेव्हा भुंगा फसफसत होता. दुपारी दादाजी मेले. मधल्या वेळात त्यांनी तो जुळवला, आणि गार हवेत जुळवला. पत्र्याच्या त्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी गार हवा कुठून आली?

नागपुरात ह्याचं उत्तर शेंबडं पोरही देईल, कूलर. आणि नागपुरात दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी कूलरला चिकटून मरतं, हेही शेंबडं पोर सांगेल. आपण सगळे कूलरला आधी उलट्या हातानं हळूच शिवून पाहतो, उगाच नाही.

दुकानात कूलर नव्हता. खिडकीखाली फरशीवर मात्र पाणी वाळून राहतो तसा चौकोनी पांढरा डाग होता, आणि त्याच्या कडेला, कूलरच्या जाळीत भरतात त्या वाळ्याच्या दोन काड्या पडल्या होत्या. दुकानात कूलर कधी होता का, असं मी कौसल्याला विचारलं. ती म्हणाली, जन्मात नाही.

५

ठाणेदाराला मी पुढच्या दिवशी भर दुपारीच दुकानात बोलावलं. सही पाहिजे असेल तर रविंद्र, नत्थू आणि शालिकराम यांनाही आणा, असा निरोप दिला. त्यानं मला शिव्या घातल्या, पण आणलं सगळ्यांना. बायजाबाई न बोलावता आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. कौसल्या पेटीजवळ होती. कोणी कोणाकडे धड बघत नव्हतं.

मी रविंद्रला परत एकदा सगळं सांगायला लावलं. त्यानं न अडखळता सांगितलं. भुंगा वाजवला, काटा आला, पेटीत हात घातला, चिकटले. मी विचारलं, गरम होत होतं का हो? तो म्हणाला, ही खोली म्हणजे भट्टी आहे, साहेब, घामाच्या धारा लागल्या होत्या. कूलर नव्हता? कुठला कूलर, म्हणाला, दादाजीले कूलर परवडते का.

मी कौसल्याला खूण केली. भुंगा थुंकला आणि गप्प झाला. नत्थूच्या चेहऱ्यावरचं पाहून मला कळलं की त्याला लगेच उमगलं. बाकीच्यांसाठी मी सांगितलं. ह्या भट्टीत हा भुंगा गात नाही. रविंद्रनं तो गाताना ऐकला, म्हणजे खोली गार होती, म्हणजे कूलर होता. कूलर होता तर ह्यानं तो लपवला का? मग पेटीत बसवलेला व्हॉल्व्ह दाखवला, जो दादाजींच्या खिशात सापडला होता. दादाजी पेटी बंद करून, व्हॉल्व्ह थंड करून, खिशात ठेवून जेवायला उठले होते. त्यांच्या मागं पेटी मेलेली होती. मेलेल्या पेटीनं माणूस मारला असं सांगणारा एकच, आणि शहरभर कूलर भाड्यानं देणाराही तोच.

शालिकराम मध्येच म्हणाला, डावा तळवा.

"हात धुऊन आले आणि कूलर सरकवायला गेले," मी रविंद्रला म्हटलं. "तुझ्या कूलरला अर्थिंगची तार आहे का, का तोडली आहे?"

ठाणेदार आता सरळ झाला होता. त्यानं शिपायाला रविंद्रच्या गोदामात पाठवतो म्हणून सांगितलं. तेव्हा रविंद्र फुटला. मांडवात दोन पिनांचेच प्लग असतात, तिसरी तार कोण ठेवते, सगळेच तोडतात, म्हणाला. त्याच कूलरनं आधी एका लग्नात एकाला झटका दिला होता, तरी त्यानं तो बाजूला ठेवला नाही, कारण लग्नाचा सीझन होता. दादाजी त्याच्या डोळ्यांदेखत उताणे पडले. त्यानं प्लग ओढला, त्यांना पेटीपाशी टेकवून बसवलं, उजवा हात कंडेन्सरवर ठेवला, कूलर मांडवाच्या गाडीत टाकून दिला आणि मग बोंब मारली. ही गोष्ट बाहेर गेली असती तर त्याचा धंदा बसला असता. आणि पेटी जोडणारी पोर तर विधवाच होती, तिच्यामागं कोण होतं?

हे शेवटचं वाक्य त्यानं आपल्याच तोंडानं म्हटलं. नत्थूनं त्याची कॉलर धरली, शिपायानं सोडवलं. मी सोडवलं नसतं.

६

प्रकरण संपलं असं मला वाटलं. मी कागद ठाणेदाराला परत दिला, सहीविना. रविंद्र दारापर्यंत गेला आणि तिथं वळला. जाता जाता कोणाला तरी सोबत ओढायचंच, अशी काही माणसं असतात.

"मले एकट्याले काहून नेता? त्या कूलरमध्ये पाणी कोणं भरलं, ते विचारा ना म्हातारीले."

दाराशी बायजाबाई खाली बसल्या. मला त्यांचं ते न विचारता दिलेलं उत्तर आठवलं आणि सगळं लख्ख झालं. डबा घेऊन आल्या तेव्हा कूलर चालू होता. पाणी संपत आलं होतं, दादाजींनी सांगितलं म्हणून त्यांनी बादलीनं भरलं आणि घरी गेल्या. दवाखान्यात रविंद्रनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही चालू कूलरमध्ये पाणी ओतलं म्हणून ते मेले, बोलाल तर पोलीस तुम्हाला नेतील, पेटीवर जाऊ द्या. आणि त्यांनी पेटीवर जाऊ दिलं. पेटीवर म्हणजे सुनेवर.

हे सगळं त्या तुटक तुटक बोलल्या. आपणच नवऱ्याला मारलं ह्या समजात ती बाई जगत होती, आणि त्या समजाचा सगळा जाळ ती कौसल्यावर ओतत होती. बायजाबाई हुंदके देत होत्या. एवढ्या दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, असं नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं.

कौसल्या उठून त्यांच्यासमोर जाऊन बसली. मला वाटलं आता ती गळ्यात पडणार.

"आत्याबाई, पाणी टाकल्यानं माणूस मरत नाही," ती म्हणाली. "पाणी सगळ्याच घरी टाकतात. त्यानं तार तोडली होती म्हणून मामाजी गेले. तुमचा हात नाही त्याच्यात. त्याच दिवशी मले विचारलं असतं तं त्याच दिवशी सांगितलं असतं."

बायजाबाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं आलं.

"पण माझा हात नाही हे तुम्हाले ठाव होतं," कौसल्या त्याच आवाजात म्हणाली. "मी तुमच्या डोळ्यापुढे अंगणात बसून रोज माझी चूक शोधून राहिली होती. तुम्ही पाहून राहिल्या होत्या."

बायजाबाईंनी तिचा हात धरायला आपला हात पुढे केला. कौसल्यानं तो धरला नाही. ती उठली, पेटीचं बटण बंद केलं आणि व्हॉल्व्ह थंड व्हायची वाट पाहत उभी राहिली.